फुटबॉल क्लब विकत घ्यायचाय? मग हे वाचाच

शेठ, इंदूरच्या सुपर कॉरिडॉरला प्लॉट झाला, मुलगा कॅनडाला पोचला, आता उरलेल्या पैशाचं काय करायचं असं होत असेल तर एखादा छोटा फुटबॉल क्लब घेऊन टाका. क्रिकेटमध्ये आता आपल्याला कोण विचारतंय भिया.

गाव जितकं लहान तितकं बरं. स्कॉटलंडमधलं ग्रेटना घ्या, वस्ती तीनेक हजार, आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला एकेका चौकात याहून जास्त माणसं उभी असतात. तिथे ब्रूक्स माइलसन नावाच्या श्रीमंत माणसाने खिसा मोकळा सोडला आणि टीमने 2004-05 मध्ये 36 मॅचमध्ये 130 गोल ठोकले, मग लागोपाठ तीन वर्षं वरच्या लीगमध्ये प्रमोशन, 2006 मध्ये तर स्कॉटिश कपची फायनल, तीही हार्ट्ससारख्या मोठ्या टीमशी पेनल्टीपर्यंत खेचली! हरले, पण युरोपात खेळायचं तिकीट मिळालं. तिथे आयर्लंडच्या लीगमधल्या डेरी सिटीने घरच्या मॅचला 5-1 धुतलं ते सोडा, फोटो छान आले असतील.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, मैदानावर पैसा घालायचा नाही, सगळा प्लेयरांच्या पगारात घालायचा, कारण सिमेंट काही गोल मारत नाही. ग्रेटना 2007 मध्ये स्कॉटलंडच्या सगळ्यात वरच्या, प्रीमियर लीगमध्ये गेलं तर त्यांचं रेडेल पार्क नियमात बसेना, मग होम मॅच मदरवेलला, शंभर किलोमीटरहून लांब, म्हणजे इंदूरच्या टीमने होम मॅच खंडव्याला जाऊन खेळायची आणि वर लोक येत नाहीत म्हणून रडायचं. एका मॅचला 431 प्रेक्षक होते. प्रीमियर लीगच्या मॅचला! आमच्याकडे नवरदेवाच्या बाजूनेच एवढे येतात.

अकाउंटंटने विचारलंच की तुमच्यानंतर कोण, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. 2008 च्या सुरुवातीला माइलसन आजारी पडले, पैसा थांबला, मार्चमध्ये क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत, 10 पॉइंट कापले, उन्हाळ्यात सगळं बंद, आणि नोव्हेंबरमध्ये ते स्वतः गेले. माणूस दिलदार होता हो, दुसऱ्या क्लबांच्या फॅन लोकांनाही पैसे द्यायचा, त्यात थट्टा नाही. पण दिलदार माणसाला तरी नियम कुठे सुटतात.

इंग्लंडमधल्या रश्डन अँड डायमंड्सला डॉक्टर मार्टेन्स बूटवाले मॅक्स ग्रिग्ज होते, त्यांनी निदान 2005 मध्ये क्लब फॅन्सच्या ट्रस्टला देऊन टाकला. 2011 मध्ये तोही संपलाच. आता म्हणाल हे गोऱ्यांचं झालं, तर आपल्या होळकरांची टीम आठवा, सी. के. नायडू कॅप्टन, चार वेळा रणजी ट्रॉफी, संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांतच तिचं नावही स्कोअरबोर्डवरून गेलं. इंदूरकर आजही कॉलर ताठ करून सांगतात, मागे खजिना कोणाचा होता ते मात्र विचारायचं नाही.

आणि सगळं बुडालंच तर घाबरू नका. ग्रेटनाच्या फॅन्सनी त्याच वर्षी ‘ग्रेटना 2008’ नावाचा नवा क्लब काढला, पार खालून सुरुवात केली. असा क्लब तुमच्या गावात निघाला तर जरूर मॅच बघायला जा, फक्त गेटवर माझं नाव सांगा वगैरे करू नका. तिकीट काढावं लागेल, तुम्हालाही.