निवाडा शेवटी, आधी सोबत

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांतल्या ज्येष्ठांवरच्या एका लेखात तांत्रिक परिषदेला, म्हणजे तांत्रिक वादांवर निवाडा देणाऱ्या मंडळाला, प्रकल्पाचं 'सर्वोच्च न्यायालय' म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या तांत्रिक समितीला तपशीलवार रचना स्वतः करायला प्रकल्पाच्या घटनेतच (लेखी नियमावलीतच) मनाई आहे. इतरांनी मांडलेल्या पर्यायांतून निवड करायची, तीही बाकी सगळे मार्ग खुंटल्यावरच. २०१४ मध्ये सिस्टमडी (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्रॅम) वापरायचा का, या वादात मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला. त्यातून केवढी कटुता आली! गोष्ट मतदानापर्यंत जाऊ न देणं, यातच ज्येष्ठांचं खरं कसब आहे.

अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या इन्क्युबेटरमधले, म्हणजे नवे प्रकल्प घडवणाऱ्या विभागातले, मेंटॉर (मार्गदर्शक) बघा. ते नव्या प्रकल्पाचा कोड लिहून देत बसत नाहीत. सॉफ्टवेअरच्या वापर-परवान्याच्या फाइली नीट आहेत का, निर्णय सगळ्यांसमोर होतात का, सगळी सूत्रं एकाच कंपनीच्या हातात तर नाहीत ना, यावर त्यांचं लक्ष असतं. हे काम किचकट आहे आणि त्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा कारभार पाहणाऱ्या पाच जणांच्या परिषदेत एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत. हा नियम मोठ्या प्रकल्पांनी डोळे झाकून उचलावा.