शिवडीच्या ‘बागे’वरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत ते वाचलं. नाव घातलेलं नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: थडग्यांच्या जागेला बाग म्हणणं हा पुस्तकी भाबडेपणा, सोनापूर (मरीन लाइन्सची जुनी दफनभूमी) एका ओळीत उरकलंय, सैनिकांच्या कबरींचा पत्ता नाही आणि एकूण लेख म्हणजे गोऱ्यांची भाटगिरी. वर ‘आधी एकदा शिवडीला जाऊन या’ हा सल्ला.

सल्ल्याबद्दल आभार. माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. शेजारी ख्रिस्ती कुटुंब होतं. त्यांच्या आजी गेल्या तेव्हा वडिलांचा हात धरून मी त्या फाटकातून आत गेलो होतो. पुढे दर २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, त्यांच्याबरोबर फुलं-मेणबत्त्या घेऊन जाणं हा आमच्याही घरचा शिरस्ता झाला. तेव्हा शिवडीचा रस्ता मला दाखवू नका. मतभेद असावेत, पण समोरच्याला घरबसल्या लिहिणारा ठरवूनच तोंड उघडायचं, ही कुठली रीत?

आता बाग. अहो, तिथे आधी खरोखरच बाग होती! ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची, म्हणजे शेती-बागवानीच्या संस्थेची. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली, तीही याच सोसायटीची. शिवडीची जागा १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी दफनभूमीसाठी मिळवली. हे लेखात होतं. तिसऱ्या परिच्छेदात. तिथवर पोचलात की शीर्षक वाचूनच पेटलात?

‘दफन सुरू झालं तिथे बाग संपली’ हे तुमचं वाक्य ठसक्यात आहे, पण त्या काळाला ते लागू पडत नाही. गावातल्या चर्चच्या आवारात प्रेतांची दाटी झाली, रोगराईची धास्ती वाढली, तेव्हा मेलेल्यांना वेशीबाहेर झाडांत न्यायचं हा एकोणिसाव्या शतकातला नवा विचार होता. पॅरिसचं पेर लाशेज हे दफनस्थान १८०४चं. बॉस्टनजवळचं माउंट ऑबर्न १८३१चं, आणि ते उभारलं कोणी? तिथल्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने! म्हणजे बागवानांनीच. वळणावळणाच्या वाटा, झाडी, मधूनमधून थडगी. लोक तिथे सहलीला जात. शिवडीचा आराखडा तिथूनच उचलला असं मी कुठेही म्हटलेलं नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका. पण तयार बाग हाताशी असताना तिथेच दफनभूमी करावीशी वाटणं त्या काळात विचित्र नव्हतं, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे. आज आत गवत माजलंय, क्रूस कलंडलेत, हे मलाही दिसतं. म्हणून मूळची बाग खोटी ठरते का?

सोनापूरला एखादा परिच्छेद द्यायला हवा होता, हे मान्य. मरीन लाइन्सची ती जागा शहराने चहूकडून वेढली आणि अपुरी पडली, म्हणून तर शिवडी.

भाटगिरीचं काय बोलायचं. व्हीटी स्टेशन आणि त्यासमोरची महापालिकेची इमारत ज्यांनी आखली ते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० साली गेले आणि शिवडीत पुरले गेले. २००४ साली कवी डॉम मोराइस यांनाही तिथेच पुरलं. ते कुठले गोरे? दफनभूमीवर लिहायचं आणि आत कोण आहे ते सांगायचं नाही, असा काही नियम असेल तर कळवा.

राहिले सैनिक. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ६२९ जणांचे अवशेष जून १९६२मध्ये शिवडीहून खडकीच्या युद्ध दफनभूमीत हलवले गेले. त्यांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. ‘जाऊन या’ म्हणता ना? मग तुम्हीच एकदा पुण्याची गाडी पकडा. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली नाव घाला.