पिट्सबर्गला गेलात तर आधी गाडी घ्या म्हणे!

अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलांच्या आईबापांच्या ग्रुप्समध्ये सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, "क्लीव्हलँड की पिट्सबर्ग? ॲडमिशन घ्यायच्या आधी वाचाच". त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्लीव्हलँडला मेट्रो आहे, पिट्सबर्गला नुसत्या बस. पिट्सबर्गचे पूल पडतात, एक बस अशीच नदीत पडून माणसं गेली. एअरपोर्टवरून टॅक्सीशिवाय इलाज नाही. बसचा पास महिन्याला शंभर डॉलर. शहर सगळं चढउताराचं, बर्फात चालता येत नाही. आणि म्हणून पिट्सबर्गला जाणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सेकंड हँड गाडी घेऊन टाकावी. खाली गाडी मिळवून देणाऱ्या कुणाचा तरी नंबर.

तो नंबर दिसल्यावर खरं तर फोन बाजूला ठेवायचा. पण नाशिकच्या मावशीने हे वाचून मावसभावाचं इथलं सीएमयू, म्हणजे कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटी, रद्द करून त्याला क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न युनिव्हर्सिटीला पाठवायचं मनावर घेतलंय, वर मलाच म्हणते, "तू तिथे राहतेस आणि एका शब्दाने बोलली नाहीस गं?" आता काय बोलणार. मी राहते पिट्सबर्गात, स्क्विरल हिलला, त्यामुळे माझा कल कुठे ते उघडच आहे, ते गृहीत धरूनच वाचा.

पुलापासूनच सुरुवात करते, कारण मावशीची झोप त्यानेच उडवलीय. २८ जानेवारी २०२२ ला सकाळी सातच्या आत फोर्ब्स ॲव्हेन्यूवरचा फर्न हॉलो पूल खरंच कोसळला आणि त्यावर ६१बी नंबरची जोडबस होती, हे खरं. पण खाली नदी नाहीच, फ्रिक पार्कमधली घळ आहे, आणि मेलं कोणीही नाही. लोक जखमी झाले, बस तुटलेल्या स्लॅबवर तिरकी अडकून राहिली, तो फोटो जगभर गेला. बर्फामुळे त्या दिवशी शाळा उशिरा भरणार होत्या, रस्त्यावर गर्दी नव्हती, म्हणून निभावलं. योगायोग असा की त्याच दिवशी बायडन इन्फ्रास्ट्रक्चरवर भाषण करायला पिट्सबर्गातच येणार होते, ते येऊन तो पूल बघून गेले.

आता ज्याला खरंच काळजी आहे त्याने व्हॉट्सॲप सोडून एनटीएसबीचा रिपोर्ट वाचावा, हे अमेरिकन सरकारचं अपघात तपासणारं खातं, विमान पडलं की हेच जातात. त्यांनी दोन वर्षं तपास करून २०२४ मध्ये जे सांगितलं ते फॉरवर्डवाल्याला सापडलं असतं तर त्याने नाचून सांगितलं असतं, कारण ते शहराच्या अब्रूचे धिंडवडेच आहेत. पुलाच्या पायातली एक लोखंडी पट्टी गंजून गंजून पातळ झाली होती. हे स्टील बिनरंगाचं, वरवर गंज धरून स्वतःचंच संरक्षण करणारं, पण त्यासाठी ते मधूनमधून कोरडं व्हावं लागतं. इथे पाणी जायच्या जाळ्या तुंबलेल्या, पायांशी कचरा आणि ओल साचलेली, त्यामुळे गंज आत आत खात गेला. इन्स्पेक्शन करणारे हे वर्षानुवर्षं लिहून देत होते, साफ करा, दुरुस्त करा, आणि पूल ज्याच्या मालकीचा त्या पिट्सबर्ग शहराने काही केलं नाही. म्हणजे ही शहराच्या देखभालीची बोंब, बसचा काय संबंध? बसबरोबर पुलावर चार खाजगी गाड्यापण होत्या की, आणि पाचवी मागून येऊन खाली गेली! मग "पूल पडतात म्हणून गाडी घ्या" हा सल्ला कुठल्या डोक्यातून आला? गाडी काय पुलावरून उडत जाते? नवीन पूल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झाला आणि त्यावरून बसही जातात, लोकही जातात.

आणि गाडी घेण्याचं प्रकरण मला जास्त खटकतं ते वेगळ्याच कारणाने. नुकत्याच उतरलेल्या पोराला इथे क्रेडिट हिस्टरी नाही, अमेरिकन लायसन्स नाही, बर्फात चालवायची सवय नाही, त्यामुळे इन्शुरन्स वाट्टेल तेवढा येतो, वर पार्किंग, वर बर्फाळ रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने खालून गंजलेली जुनी गाडी कुणीतरी गळ्यात मारणार. युनिव्हर्सिटीला चालत किंवा बसने जाता येईल अशी खोली घेतली तर यातलं काही करावं लागत नाही.

मेट्रोचा मुद्दा. पिट्सबर्गला "नुसत्या बस" हे सरळ खोटं आहे, इथे लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी छोटी रेल्वे, आहे, तिला सगळे टी म्हणतात, डाउनटाउनपासून दक्षिणेच्या उपनगरांत जाते. पण फॉरवर्डवाल्याची बाजू मीच जरा बळकट करते: ही टी ओकलंडला, म्हणजे पिट (युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग) आणि सीएमयू जिथे आहेत तिथे, जातच नाही. २०१२ मध्ये बावन्न कोटी डॉलरच्या आसपास खर्चून नदीखालून बोगदा काढला तो कुठे, तर पलीकडच्या स्टेडियम आणि कॅसिनोच्या बाजूला. हजारो पोरं रोज जातात त्या ओकलंडला बस, आणि मॅचला जाणाऱ्यांना भुयारी रेल्वे! यावर इथले लोक अजून शिव्या घालतात आणि बरोबर घालतात.

तरीपण नकाशावर रेल्वेची रेघ दिसली म्हणजे झालं असं नसतं हो. क्लीव्हलँडची रेड लाइन १९५५ ची, १९ मैल, १८ स्टेशनं, कागदावर झकास. पण ती काढली जुन्या रेल्वेमार्गांच्या कडेकडेने, कारण ती जागा स्वस्तात आणि सलग मिळाली, त्यामुळे बरीच स्टेशनं खाली खड्ड्यात, आजूबाजूला मालगाड्यांचे रूळ, गोदामं, आणि वस्ती लांब. युनिव्हर्सिटी सर्कलला, म्हणजे केस वेस्टर्नच्या भागात, स्टेशनं नवीन आणि चांगली केलीत, ते मान्य. पण युनिव्हर्सिटी सर्कलवरून डाउनटाउनला जायला क्लीव्हलँडकरांची भिस्त कशावर असते? हेल्थलाइनवर. आणि हेल्थलाइन म्हणजे बस! २००८ पासून युक्लिड ॲव्हेन्यूवर मधोमध स्वतःच्या लेनमधून जाते, प्लॅटफॉर्मवाली स्टेशनं, क्लीव्हलँड क्लिनिक आणि क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटी दोन्ही वाटेवर. ज्या शहराची उदाहरणं देऊन बसला नावं ठेवताय त्या शहराची मानाची गोष्ट बसच आहे, हे फॉरवर्डात का नाही?

आपल्याकडे गोची अशी आहे की बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, म्हटलं की पुण्यातली सातारा रोडची बीआरटी डोळ्यांसमोर येते, म्हणून बस म्हणजे गरिबाची आणि मेट्रो म्हणजे प्रगती. पण पिट्सबर्गचा ईस्ट बसवे बघा, १९८३ चा, रेल्वेमार्गाच्या शेजारून काढलेला फक्त बससाठीचा रस्ता, ना सिग्नल ना ट्रॅफिक, डाउनटाउनवरून ईस्ट लिबर्टी दहा-बारा मिनिटांत. (रेल्वेमार्गाशेजारी तोही आहे, हो, पण काही बस तिथून बाहेर पडून गल्लीबोळांत शिरतात, ट्रेनला ते जमत नाही.) ओकलंडला बसवे नाही, तिथे फोर्ब्स आणि फिफ्थवर ६१ च्या ए बी सी डी आणि ७१ च्या ए बी सी डी या बस. त्यांचा त्रास कुठला ते मी सांगते: वीस मिनिटं एक नाही आणि मग तीन ६१ एकामागोमाग, पहिलीत उभं राहायला जागा नाही आणि तिसरी रिकामी. फिफ्थ-फोर्ब्सवर बससाठी वेगळ्या लेन करायचं काम त्यासाठीच काढलंय. तेव्हा तक्रार करायचीच तर ही करा.

सेन्सस ब्युरो दरवर्षी सर्व्हे करतं, लोक कामाला कसे जातात म्हणून. कोरोनाच्या आधीचे आकडे बघा: पिट्सबर्ग शहरात साधारण सहातला एक माणूस बस-टीने कामाला जायचा, क्लीव्हलँडमध्ये साधारण दहातला एक. मेट्रो कुठे जास्त आहे आणि माणसं कुठे जास्त बसतात, या दोन गोष्टींची फारकत इथेच दिसते.

एअरपोर्टच्या बाबतीत क्लीव्हलँड जिंकलं, वाद नाही. १९६८ पासून ट्रेन थेट टर्मिनलमध्ये जाते, उत्तर अमेरिकेत हे करणारं ते पहिलं शहर, आणि तीच ट्रेन केस वेस्टर्नपर्यंत नेते. पण पिट्सबर्गला "टॅक्सीशिवाय इलाज नाही" कसं? २८एक्स नावाची बस आहे, पावणेतीन डॉलर, एअरपोर्टवरून डाउनटाउन करून ओकलंडला, पिट आणि सीएमयूच्या दारात. दोन मोठ्या बॅगा घेऊन वैताग येतो, वेळही लागतो, पण वाचलेल्या पैशात पहिल्या आठवड्याचा किराणा येतो.

पासचं तर बोलूच नका. मासिक पास ९७ डॉलर ५० सेंट आहे हे खरं, फक्त तो पिट-सीएमयूच्या पोरांना काढावाच लागत नाही, आयडी टॅप करायचं आणि बसायचं, पैसे फीमध्ये घेतलेले असतात. केस वेस्टर्नलाही अशीच सोय आहे, म्हणजे हा मुद्दा दोन्हीकडून बाद. चढ आहेत, खूप आहेत, बीचव्ह्यूमधला एक रस्ता तर ३७ टक्के चढाचा आहे, पण त्यावर कोणी राहायला सांगत नाही. सायकलवाल्याला क्लीव्हलँड सपाट म्हणून बरं. बर्फाचं म्हणाल तर एरी तलावावरून येणारा लेक इफेक्ट स्नो क्लीव्हलँडवरच पडतो, जास्त पडतो, तो लेखकाने कुठे झाडून टाकला देव जाणे.

क्लीव्हलँडच्या बाजूचा खरा दमदार मुद्दा मात्र त्या माणसाला सुचलाच नाही. तिथल्या आरटीएला, म्हणजे बस-ट्रेन चालवणाऱ्या संस्थेला, १९७५ पासून काउंटीच्या एक टक्का सेल्स टॅक्सचा स्वतःचा पैसा येतो. पिट्सबर्गची तशीच संस्था पीआरटी राज्य सरकारच्या तोंडाकडे बघत बसते, आणि २०२५ मध्ये राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, आमदारांचं भांडण मिटेना तेव्हा पस्तीस टक्के सर्व्हिस कापायची वेळ आली होती. शेवटी नव्या बस आणि दुरुस्त्यांसाठी ठेवलेल्या पैशातले दहा कोटी डॉलर रोजच्या खर्चाला वापरायची परवानगी मिळाली आणि दोन वर्षांपुरतं भागलं. भावाचं मास्टर्स संपत येईल तेव्हा हे भांडण परत सुरू झालेलं असेल. मावशीला मी हेही सांगितलंय, आणि खोली ६१ किंवा ७१ च्या रस्त्यावर, ओकलंडपासून चालत येता येईल इतक्या अंतरावर बघ म्हणून सांगितलंय. त्या नंबरवर तिने अजून फोन केलेला नाही.