शाप, भुतं आणि गार पाणी

'दानदादान' या जपानी ॲनिमे मालिकेवरच्या तुमच्या लेखातलं 'दुसऱ्या सीझनमध्ये विनोद पातळ झाला' हे मत काही पटलं नाही बुवा. पहिला सीझन डिसेंबर २०२४ मध्ये ऐन मोक्याच्या क्षणी तोडला, त्याचा राग मलाही होता. पण जुलै २०२५ मध्ये सुरू झालेला दुसरा सीझन एका शापित घरात शिरतो आणि बळी द्यायला कोंडून ठेवलेल्या पोराची गोष्ट सांगतो, तिथे हसू कसं येणार? यायलाही नको. तो भाग बघून मी जेवण अर्धं टाकलं होतं.

आणि लगेच पुढे काय, तर त्याच पोराचं भूत नायिकेच्या बालमित्राच्या, जिजीच्या अंगात! गार पाणी पडलं की भूत बाहेर, गरम पाणी पडलं की जिजी परत. आता घरात कुणी पाण्याचा ग्लास उचलला तरी धडकी भरते. यालाच तर विनोद म्हणायचं ना? शिवाय शाळेच्या संगीताच्या खोलीत नायक ओकारुन ताल शिकतो तो प्रसंग लेखात आलाच नाही, कमाल आहे. मांजराच्या बाहुलीत अडकलेली टर्बो आजी, म्हणजे ते म्हातारीचं भूत, मात्र अजून हवी होती. शेवटचं यंत्रमानव प्रकरण मला जरा लांबल्यासारखं वाटलं, तेवढं तुमचं मान्य.