वळचण कुठे आहे?

आज सकाळी भाच्यासोबत नवी मुंबईत पामबीच रोडला खाडीकाठचा एक नवा टॉवर बघायला गेले होते. परतल्यापासून मन स्वस्थ नाही, म्हणून लिहितेय.

खालपासून वरपर्यंत निळी काच. मध्ये सोनेरी उभे पट्टे. गेटवर रोमन खांब. आणि छज्जा? एकही नाही. सेल्समधली मुलगी म्हणाली, "मॅडम, एलिव्हेशन बघा ना, अगदी दुबई वाटतं." अगं, पण दुबईत आपल्यासारखा जुलै येतो का?

माझे वडील, अण्णा, बांधकामावर मिस्त्री होते. नेरुळ नुकतं उभं राहत होतं तेव्हाची गोष्ट. मी नववीत होते. भर पावसात डबा घेऊन साइटवर गेले, तर अण्णांनी मला एका छज्ज्याखाली उभं केलं आणि म्हणाले, "वर हात लाव." छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन बोटांवर एक बारीक खाच होती. खाचेच्या बाहेर ओलं, आत कोरडं ठणठणीत. पाणी खाचेपर्यंत यायचं आणि तिथून टपटप खाली पडायचं. अण्णा म्हणाले, "पाण्याला वाटेतच उतरवायचं. भिंतीपर्यंत येऊ द्यायचं नाही."

बस, एवढंच. आपल्या आजोळच्या घरांना वळचण असायची, पागोळ्या अंगणात पडायच्या, भिंत कोरडी राहायची. तीच अक्कल त्या दोन बोटांच्या खाचेत होती. आज चाळीस मजल्यांत ती कुणाला सुचली नाही?

नवी मुंबईला खाडी पश्चिमेला आहे, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे खाडीचा व्ह्यू हवा तर तोंड पश्चिमेला करावं लागतं. दुपारचं ऊन तिथूनच आणि पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे त्याच अंगाने. हे कोडं नवीन नाही. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक वास्तुविशारद चार्ल्स कोरिया. त्यांनी पेडर रोडला कांचनजंगा बांधली, १९८३ साली, २८ मजली. तिथेही समुद्र, ऊन आणि पाऊस एकाच दिशेला. त्यांनी काय केलं? जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा, तो उचलून टॉवरच्या कोपऱ्यांत नेला. दोन मजले उंच, खोल, सावलीचे व्हरांडे. माणूस आत, ऊन-पाऊस बाहेर, आणि समुद्र समोर. ती इमारत बघितली की कळतं, ही मुंबईतली आहे. आजची बघून काय कळतं? काहीच नाही. ती कुठेही उभी करा.

मान्य, जुन्या इमारतीही गळायच्या. आमचीही गळायची. आणि काच पुसायला सोपी, हेही मान्य.

पण खाऱ्या वाऱ्याचं काय? अण्णा म्हणायचे, खारं वारं सळईला शोधत येतं. एक बारीक तडा गेला की ओल आत शिरते, सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून टाकते. खाडीकाठी भिंत कोरडी ठेवणं हीच पहिली सजावट. सोनेरी पट्टे नंतर.

आणि फ्लेमिंगो! ब्रोशरवर अख्खं पान भरून गुलाबी थवा. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्या पाखरांच्या नावाने फ्लॅट विकायचे आणि त्यांच्यासमोर आकाश दिसणारी काच उभी करायची? पाखराला ते आकाश खरंच वाटतं हो. रात्री वर रंगीत दिव्यांची रोषणाईही असणार, असं ती मुलगी कौतुकाने सांगत होती. मला तिथून उठून यावंसं वाटलं.

उठले नाही. कारण भाचा आणि सूनबाई खिडकीशी उभे होते. ट्रॉम्बेच्या टेकडीपर्यंत नुसतं पाणी, खारफुटीवर ऊन. दोघंही डोंबिवलीच्या एका खोलीतून आलेले. ती हळूच म्हणाली, "मावशी, इथे बसून चहा प्यायचा." तिला मी काय सांगणार? तिचं काही चुकत नाही. पाणी बघत राहावंसं कुणाला वाटत नाही? मलाही वाटलं. राग त्या दोघांवर नाहीच. राग एवढाच की त्या चहासाठी बसायला जागा कुणी ठेवली नाही. सगळी बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केला आणि बाहेर काच लावून टाकली. मे महिन्यात चार वाजता त्या काचेपाशी चहा नाही पिता येणार. पडदे ओढून एसी लावावा लागेल.

सॅम्पल फ्लॅट सकाळी अकराला दाखवतात, हेही आज लक्षात आलं. तेव्हा पश्चिमेला सावली असते.

भाच्याला म्हटलं, टोकन आज देऊ नकोस. उद्या दुपारी चारला पुन्हा जाऊ, तिघंही. आणि बाहेरच्या बाजूला कुठे हात लावायला मिळाला, तर ती खाच आहे का तेवढं बघणार आहे.