‘सगळ्यात जड अँटिबायोटिक आधीच मागा’ हा सल्ला मुलांच्या जिवावर येईल

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, मोठ्या दवाखान्यात औषधांना दाद न देणारे जंतू हवेतच असतात. मूल ॲडमिट होताच सगळ्यात जड अँटिबायोटिक मागा, मास्क लावा, आणि सिस्टरनी ग्लोव्हज घातले की काळजी नको.

जंतू हवेत? गोवर, टीबी हवेतून पसरतात, तिथं मास्क हवाच. पण दवाखान्यातले औषधांना दाद न देणारे क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे जंतू मुख्यतः हातांवरून आणि वस्तूंवरून जातात. ॲसिनेटोबॅक्टर तर कोरड्या कठड्यावर, सलाईनच्या स्टँडवर कित्येक दिवस जिवंत राहतो. नेब्युलायझरचा मास्क शेजारच्या मुलाचा वापरू नका, खेळणीही देऊ-घेऊ नका.

ग्लोव्हजवर एवढी भिस्त ठेवणं सगळ्यात घातक. त्याच ग्लोव्हजनी दुसऱ्या मुलाला हात लावला तर जंतू सोबत जातात. ग्लोव्हजना बारीक भोकं असू शकतात आणि काढतानाही हात माखतात. म्हणून प्रत्येक मुलामागे नवी जोडी, आणि काढल्यावर हात स्वच्छ करायचेच. सॅनिटायझर तळहातभर घेऊन २० ते ३० सेकंद चोळायचं: बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं. हात मळलेले असतील किंवा शी साफ केली असेल तर साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद. अंगठ्या, बांगड्यांखाली जंतू राहतात. त्या काढून ठेवा. हे आईला, डबा घेऊन आलेल्या आजीलाही लागू. भिंतीवरची सूचना कानडीत असेल आणि वाचता येत नसेल तर सिस्टरना करून दाखवायला सांगा. हात धुवायच्या बेसिनमध्ये उरलेलं दूध ओतू नका. ड्रेनमध्ये जंतूंना खाद्य मिळतं आणि नळ सोडला की शिंतोडे उडतात.

आता जड अँटिबायोटिक. त्यानं आतड्यातले साधे जंतू मरतात, न जुमानणारे मात्र मोकळ्या जागेत वाढतात. मूल ठणठणीत दिसत असतानाही ते शीतून बाहेर पडतात आणि डायपर बदलणाऱ्या हातांवरून पुढच्या पलंगापर्यंत पोचतात. व्हायरल तापाला तर या औषधाचा काहीच उपयोग नाही. नवजात बाळात सेप्सिसचा (जंतुसंसर्गानं सगळ्या शरीरावर होणाऱ्या जीवघेण्या परिणामाचा) संशय असेल तर गोष्ट वेगळी. तिथं औषध ताबडतोब हवं, तासाचा उशीरही महागात पडतो. पण शक्यतो पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर (रक्तात कोणते जंतू वाढतात ते पाहायची तपासणी) घ्यायचं, आणि ४८ तासांच्या सुमारास रिपोर्ट व बाळाची तब्येत पाहून औषध बदलायचं किंवा थांबवायचं. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा: कल्चर पाठवलंय का, आणि हातातली सुई अजून लागणार आहे का? गरज संपलेली सुई, कॅथेटर (शरीरात घातलेली नळी) त्याच दिवशी काढलेलं बरं.