पैसे थांबले तर फाइल उघडेल का?

दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की इनबॉक्समध्ये हा प्रश्न हमखास येतो. "ताई, वर्डचं नि इनडिझाइनचं दरवर्षीचं भाडं झेपत नाही हो. एकदाच पैसे भरून काम भागेल असं काही आहे का?" प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच एकदा सविस्तर लिहिते. (इनडिझाइन म्हणजे ॲडोबी कंपनीचं पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर.) मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते, तेव्हा बोलणं पुस्तकं, अंक आणि कागदपत्रं एवढ्यापुरतंच. व्हिडिओवाल्यांनी आपापलं बघून घ्यावं.

माझं मत असं की किंमत नंतर बघा. आधी हे विचारा: उद्या पैसे भरणं थांबलं तर माझीच फाइल मला उघडून दुरुस्त करता येईल का?

मायक्रोसॉफ्ट ३६५ची, म्हणजे वर्ड ज्यात येतं त्या संचाची, वर्गणी संपली की वर्ड फाइल दाखवतं, छापूनही देतं, पण एक काना बदलायला गेलात तर हात बांधलेले. इनडिझाइनची मुदत संपली की ते उघडतच नाही. भाडं थकलं म्हणून घरमालकाने बाहेर काढलं तर निदान सामान तरी हातात देतो. इथे कुलूप सामानालाच. पुस्तकाच्या धंद्यात हे फार लागतं, कारण पुस्तक छापून झालं तरी संपत नाही. दुसरी आवृत्ती आठ वर्षांनी निघते आणि लेखकाला तेव्हा नेमकं मनोगतच बदलायचं असतं.

हे सगळं तसं अलीकडचं. ॲडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे क्रिएटिव्ह क्लाउड, म्हणजे फक्त वर्गणी. एकदाच विकत मिळणारी त्यांची शेवटची आवृत्ती सीएस६, २०१२ची. ज्यांनी ती तेव्हा रीतसर घेतली त्यातले काही जण आजही जुन्या मशीनवर तिच्यावरच अंक काढतात, आणि मला त्यांचा थोडा हेवा वाटतो.

वर्गणीवाल्यांना वाटतं, महाग असलं तरी सगळं कायम चालू राहील. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट पब्लिशरचं उदाहरण. शाळांची वार्षिकं, मंडळांच्या स्मरणिका, सोसायटीच्या पत्रिका यात लोकांनी वर्षानुवर्षं केल्या. कंपनीने जाहीर केलं आहे की ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशर ३६५ मध्ये नसेल आणि वर्गणीदारांना त्यातून जुन्या फाइली उघडताही येणार नाहीत. ज्यांच्याकडे एकदाच विकत घेतलेली प्रत आहे त्यांची चालू राहील, फक्त दुरुस्त्या मिळणार नाहीत. म्हणजे दरवर्षी न चुकता पैसे भरणाराच आधी बाहेर. तुमच्याकडे अशा फाइली असतील तर आजच पीडीएफ काढून ठेवा.

पैसे कसे कापले जातात हेही बघा. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲडोबीवर दावा लावला. तक्रार अशी की 'वार्षिक, पण दरमहा भरा' या योजनेत मध्येच सोडल्यास पहिल्या वर्षी उरलेल्या हप्त्यांच्या ५० टक्के रक्कम द्यावी लागते, हे ग्राहकाला धड सांगितलंच जात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. कोपायलट हा एआय मदतनीस जोडून भाव वाढवले, पण जुन्याच भावाची 'क्लासिक' योजना अजून आहे हे सुमारे २७ लाख ग्राहकांना नीट कळू दिलं नाही, रद्द करायला निघालात तरच ती पुढे यायची, असा आरोप. आपल्याकडे निदान रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप पैसे जाण्याच्या २४ तास आधी सूचना यावी लागते आणि १५ हजारांच्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. ते मेसेज वाचत जा, जाहिरात समजून उडवू नका.

आता पर्याय. मराठीपुरतं बोलायचं तर पर्यायांची यादी एका चाचणीत अर्धी होते. कुठलंही नवं सॉफ्टवेअर आलं की मी त्यात एक ओळ टाकते: 'दर्‍याखोर्‍यांतल्या शिल्पांची ॲल्बममधली चित्रं'. र्‍य नीट बसतो का, शिल्पातली वेलांटी श च्या आधी येते का, ॲ तुटतो का, एवढं बघायचं. इथेच पुष्कळ नावाजलेली मंडळी गारद होतात. अफिनिटी पब्लिशर २०१९ मध्ये आलं तेव्हा 'एकदाच पैसे, इनडिझाइनला पर्याय' म्हणून केवढा गाजावाजा झाला! इंग्रजीसाठी खरोखर उत्तम. पण पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत देवनागरीची वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं सुटी. ज्यांनी इंग्रजी यूट्यूब बघून हौसेने घेतलं त्यांनी मला फोन करून शंख केला आहे. पुढे २०२४ मध्ये कॅन्वाने, म्हणजे ऑनलाइन डिझाइनवाल्या कंपनीने, अफिनिटीची कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवं अफिनिटी फुकट करून टाकलं, पण कॅन्वाचं खातं काढायला लागतं. जुनी विकत घ्यायची आवृत्ती बंद. आता ही फुकटची माया किती दिवस, ते कॅन्वाला ठाऊक.

साध्या लिखाणासाठी, म्हणजे हस्तलिखित, अर्ज, प्रबंध, भाषांतर, माझी पहिली शिफारस लिबरऑफिस. एकदाही पैसे नाहीत. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये फुटून निघालं, एक संस्था चालवते, मेनूसुद्धा मराठीत मिळतात. लोकांची तक्रार असते की यात मराठीचा फॉण्ट बदलतच नाही. बदलतो. ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडायचं. मग फॉण्टच्या खिडकीत रोमनचा एक आणि देवनागरीचा एक असे दोन कप्पे दिसतात आणि आपण इतके दिवस वरच्याच कप्प्यात खटपट करत होतो हे लक्षात येतं. भाषा मराठी ठेवली की शोभिकासारख्या फॉण्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. शोभिका आयआयटी मुंबईचा, मुक्ता मुंबईच्याच एक टाइपचा, दोन्ही फुकट.

"पण समोरचा वर्डमध्ये उघडतो तेव्हा पानं सरकतात." सरकतात. बहुतेक वेळा फॉण्ट त्याच्याकडे नसतो म्हणून. दोघांनी एकच फॉण्ट घाला, निम्मी भांडणं मिटतील. उरलेली निम्मी तक्त्यांची आणि आपोआप पडणाऱ्या क्रमांकांची, ती मात्र खरी आहेत. संपादकाबरोबर फाइल दहा वेळा इकडून तिकडे जाणार असेल, ट्रॅक चेंजेसमध्ये (कुणी काय बदललं ते दिसत राहतं त्या सोयीत) काम असेल, तर सरळ वर्डसकट येणारं ऑफिस २०२४ घ्या. ते एकदाच विकत मिळतं. एका मशीनपुरतं, नव्या सोयी येणार नाहीत, दुरुस्त्या ऑक्टोबर २०२९ पर्यंत. दुकानदार आधी ३६५च दाखवेल. "वर्गणीचं नको, एकदाच घ्यायचं द्या," असं स्पष्ट म्हणायला लागतं.

पुस्तकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस. हेही फुकट. जानेवारी २०२४ मध्ये १.६ आली आणि आधीच्या स्थिर आवृत्तीत न जमणारी देवनागरी सुधारली. कादंबरी, कवितासंग्रह, साधे अंक होतात. दिसायला ओबडधोबड आहे, आणि लांब मजकुरावर ते इतकं रेंगाळतं की मधल्या वेळात चहा होतो. चाररंगी, जाहिरातींनी गच्च भरलेला अंक असेल, छापखाना इनडिझाइनचीच फाइल मागत असेल, तर इनडिझाइन घ्या, उगाच तत्त्वासाठी जीव काढू नका. पण हंगामापुरतं, वर्षाचा करार नसलेल्या खऱ्याखुऱ्या महिन्याच्या योजनेत घ्या आणि बंद करण्याआधी प्रत्येक कामाची आयडीएमएल (इनडिझाइनचं काम दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता यावं असा फाइलीचा साचा) आणि पीडीएफ काढून ठेवा. आयडीएमएल स्क्रायबसमध्ये येते. थोडी मोडतोड होते, पण मजकूर हाती लागतो.

आणि हो, तो प्रत्येक गल्लीतला संगणक दुरुस्तीवाला, "मॅडम, पाचशे द्या, लाइफटाइम टाकून देतो." म्हणजे क्रॅक, कुलूप तोडलेली चोरीची प्रत. विंडोजचं एक अपडेट आलं की त्याचं लाइफटाइम संपतं, आणि सोबत काय आत आलंय ते कळायला मार्ग नसतो. लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं ज्या मशीनवर आहेत तिथे मी हे चालू देणार नाही.

आता कुणीतरी म्हणेल, एकदाच विकत घेतलेलं तरी कुठे टिकतं? बरोबर आहे. पेजमेकर हे ॲडोबीचंच जुनं मांडणीचं सॉफ्टवेअर आम्ही सगळ्यांनी एकदाच घेतलं होतं. ७.० ही २००१ची शेवटची आवृत्ती. आज किती छापखान्यांत कोपऱ्यात जुन्या विंडोज एक्सपीचं एक मशीन केवळ त्या फाइलींसाठी जिवंत ठेवलंय! सीएस६ पर्यंतचं इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडायचं, नंतरचं उघडत नाही. म्हणून मी दोन गोष्टी एकत्र बघते: पैसे एकदाच, आणि फाइल अशा साच्यात की दुसऱ्या कुणालाही उघडता यावी. ओडीटी (लिबरऑफिसचा), डीओसीएक्स (वर्डचा) आणि पीडीएफ हे तिन्ही साचे आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक आहेत, त्यांची रचना जाहीर आहे. पेजमेकरच्या फाइलीचं तसं नव्हतं.

श्रीलिपीत, म्हणजे मराठी अक्षरजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवलेली पुस्तकं युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत) कशी आणायची, कन्व्हर्टर नेमका कुठे र्‍य खातो, हे वेगळ्या पोस्टीत लिहीन. तोवर श्रीलिपीचा जुना डोंगल, म्हणजे ती चालायला संगणकाला लावायची किल्ली, भंगारात देऊ नका. आणि कमेंटमध्ये क्रॅकच्या लिंका टाकू नका, उडवीन.